ज्या सूत्रात सोमवारच नाही

कार्डिफ,
20 जानेवारी 2026

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

काल ऑफिसात केक कशाबद्दल होता, असे आईने फोनवर विचारले होते. त्याचे उत्तर मी मुद्दाम पत्रासाठी राखून ठेवले, कारण त्यात गणित आहे आणि गणित म्हटले की बाबांना कागद समोर लागतो.

जानेवारीतला तिसरा सोमवार हा वर्षातला सर्वांत उदास दिवस असतो, असे इथे ब्रिटनमध्ये म्हणण्याची पद्धत पडली आहे. त्याला 'ब्लू मंडे' म्हणतात. या दिवशी सुट्टी नसते, त्याला सरकारी मान्यता नाही आणि कोणत्याही धर्माशी त्याचा संबंध नाही. तरीही वर्तमानपत्रे आणि रेडिओ आठवडाभर आधीपासून त्याची आठवण करून देतात. त्याचा उगम 2005 सालचा आहे. 'स्काय ट्रॅव्हल' या पर्यटनविषयक दूरचित्रवाहिनीने त्या वर्षी एक प्रसिद्धिपत्रक काढले आणि क्लिफ अर्नाल यांच्या नावे एक सूत्र देऊन 24 जानेवारी हा सर्वांत वाईट दिवस ठरवला. तो दिवस महिन्यातला चौथा सोमवार होता. सूत्र तेच राहिले, सोमवार मात्र पुढे तिसऱ्यावर येऊन स्थिरावला. अर्नाल हे आमच्याच गावच्या कार्डिफ विद्यापीठाशी संलग्न असलेल्या प्रौढशिक्षण केंद्रात शिकवत असत. पुढे विद्यापीठाने, ते आपल्याकडे केवळ अर्धवेळ शिकवत होते आणि आता नाहीत, असा खुलासा छापून आणला.

आता सूत्र सांगते. कर्जातून महिन्याचा पगार वजा करायचा आणि त्यात हवामान मिळवायचे. आलेल्या बेरजेला नाताळ होऊन गेलेल्या काळाने गुणायचे. पण त्याआधी त्या काळाचा घात करायचा, आणि घातांक म्हणून नववर्षाचा संकल्प मोडल्यापासून गेलेला काळ घ्यायचा. शेवटी या सगळ्याला कामाची उमेद आणि काहीतरी करण्याची निकड यांच्या गुणाकाराने भागायचे. पौंडांत पाऊस मिळवलेला पाहून बाबांनी चष्मा काढून ठेवला असेल. काळाचा काळाइतकाच घात करणे हे दहावीच्या वर्गातही खपले नसते. गंमत अशी की ज्याने आजच संकल्प मोडला, त्याचा घातांक शून्य होतो आणि नाताळ कितीही मागे पडला असला तरी त्या पदाची किंमत एकच राहते. उमेद शून्य झाली, तर भागाकारच करता येत नाही. आणि या सर्व अक्षरांमध्ये वाराला कुठेही जागा नाही; तो सोमवार कुठून आला, हे सूत्राला विचारून कळणार नाही.

बेन गोल्डेकर या डॉक्टरांनी 'गार्डियन'मधल्या आपल्या सदरात या प्रकाराची चांगली खरडपट्टी काढली. जवळजवळ तयार मजकूर निरनिराळ्या प्राध्यापकांकडे पाठवून, त्यावर नाव देण्याबद्दल पैसे देऊ करण्यात आले होते, असे त्यांनी लिहिले. अर्नाल यांनी जून महिन्यातला सर्वांत आनंदी दिवसही एका सूत्राने काढून दिला आहे, आणि तो एका आइस्क्रीम कंपनीसाठी होता, हे वाचल्यावर मला जानेवारीच्या सूत्राचा राग धरणेच अवघड झाले. मला खटकते ते वेगळेच. खरे नैराश्य तारीख पाहून येत नाही, आणि मंगळवारी ज्याला उठवत नाही त्याला 'कालचा दिवस तर गेला' असे ऐकवण्याची सोय या खेळाने करून ठेवली आहे.

तरीही हे सूत्र इतकी वर्षे चालले, कारण त्यातले घटक प्रत्येकाच्या ओळखीचे आहेत. इथे सकाळी आठ वाजून गेल्यावर उजाडते आणि साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. नोकरदार माणूस दोन्ही वेळा अंधारातच रस्त्यावर असतो. डिसेंबरचा पगार अनेकांना नाताळाआधीच मिळतो, त्यामुळे जानेवारीच्या अखेरीपर्यंत तो पुरवावा लागतो आणि मध्ये क्रेडिट कार्डाचे बिल येते. उजेड कमी झाला की काहींना दर हिवाळ्यात नैराश्य येते, हे नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली शास्त्रशुद्ध रीतीने मांडले. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सचा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) दिवा तोंडासमोर लावून ईमेल वाचते. पाटीएवढा पांढरा चौकोन असतो तो, आणि त्याच्या झोतात तिच्या कपातल्या चहाची वाफसुद्धा स्पष्ट दिसते.

या दिवसाचा सर्वांत चांगला उपयोग केला तो 'समॅरिटन्स' या संस्थेने. मन मोकळे करू पाहणाऱ्यांचे फोन घेण्याचे काम ती 1953 पासून करते. सोमवार उदास असतो हे मिथक आहे, असे स्पष्ट सांगून तिने त्याच दिवसाला 'ब्रू मंडे', म्हणजे चहाचा सोमवार, करून टाकले. तिचे स्वयंसेवक रेल्वे स्थानकांवर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहाच्या पुड्या देतात. कोणाबरोबर तरी बसून चहा प्यावा आणि त्याचे ऐकून घ्यावे, एवढीच अपेक्षा असते. आमच्या ऑफिसातला केक याच निमित्ताने होता. मी त्यात संक्रांतीचे तिळाचे लाडू ठेवले, तेव्हा हाही सूत्राने ठरलेला दिवस का, असे एकाने विचारले.

बाबा, प्रश्न थट्टेचा होता, पण उत्तर देताना मला तुम्ही शिकवलेले सांगावे लागले. सूर्य खरोखर उत्तरेकडे वळला तो 21 डिसेंबरला. आपण तीळगूळ वाटतो तो 14 जानेवारीला, कारण आपले पंचांग नक्षत्रांना धरून चालते आणि अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाची दिशा हळूहळू फिरत असल्यामुळे, साधारण बहात्तर वर्षांत एका दिवसाचे अंतर पडत जाते. आपली तारीख सरकली, त्यांचा सोमवारही सरकला, असे तो म्हणाला. आपल्या सरकण्याचे कारण मोजता येते, एवढे मी त्याला ऐकवले आणि आणखी एक लाडू दिला.

आईने रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवाचे विचारले होते. ते इथल्या मराठी मंडळींनी रविवारी, 25 तारखेला ठेवले आहे. वाण म्हणून मी चहाची गाळणी देणार आहे. बाबांनी सूत्रातल्या आणखी चुका काढून कळवाव्यात, ऑफिसात वाचून दाखवीन.

आपली आज्ञाधारक,
मेधा