दोन पट्टे, एकच आवाज

फोंडा, गोवा
श्रावण शुद्ध पंचमी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबत पेन ड्राइव्हवर पाठवलेले ध्वनिमुद्रण परवा मिळाले. वडिलांच्या संग्रहातल्या तबकड्या संगणकावर उतरवताना ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये डावा आणि उजवा असे दोन्ही पट्टे दिसतात, तरीही हेडफोन लावला की सगळा वाद्यमेळ डोक्याच्या मधोमध गोळा झाल्यासारखा वाटतो, असे तू लिहितोस. त्यासाठी तू नवी सुई मागवायला निघाला आहेस, म्हणून उत्तर घाईने लिहितो आहे. सुई तूर्त मागवू नकोस.

तुझ्या फायलीत पट्टे दोन आहेत खरे, पण दुसरा पहिल्याची नक्कल आहे. मी ते एकमेकांपासून सुटे केले, त्यांतला एक उलटा केला, म्हणजे लाटेचे उंचवटे खाली आणि खळगे वर आणले, आणि मग दोन्ही एकत्र मिसळले, तेव्हा मागे निव्वळ शांतता उरली. गाणे तर नाहीसे झालेच, पण तबकडीची खरखरसुद्धा उरली नाही. माझ्या मते सगळा उलगडा या खरखरीत आहे. स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा ठेवणाऱ्या, तबकडीच्या खोबणीची आतली भिंत डावा आवाज वाहते आणि बाहेरची उजवा. त्या दोन भिंतींवरची धूळ आणि चरे कधीच सारखे नसतात. त्यामुळे मूळ गाणे मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचे, असते तरी थोडी टिकटिक मागे राहायलाच हवी होती. सुई ज्यात बसते ते कार्ट्रिज स्टिरिओ आहे, कारण ते मीच तुला बसवून दिले होते. तेव्हा दोन वाटा सुईच्या पुढे कुठेतरी एक झालेल्या आहेत, आणि त्यात तबकडीचा किंवा सुईचा काही दोष नाही.

हे शहाणपण मला आपोआप आलेले नाही. दोन वर्षांपूर्वी हाच घोळ निस्तरताना मी पूर्ण एक संध्याकाळ केसरबाई केरकरांच्या जुन्या गायनाची तबकडी लावून डावे-उजवे शोधत बसलो होतो. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५८ च्या सुमारास आणि ते गायन त्याच्या कितीतरी आधीचे. त्यात डावे-उजवे सापडणार कुठून! म्हणून तपासणीसाठी एका बाजूला व्हायोलिने आणि दुसऱ्या बाजूला तबला स्पष्ट ऐकू येतो, अशी तबकडी घे.

माझा संशय तू वापरतोस त्या लहानशा यूएसबी साउंड कार्डावर आहे. त्याचे गुलाबी भोक मायक्रोफोनचे असते, आणि अशा स्वस्त कार्डांत ते बहुधा एकाच वाहिनीचे असते; प्लगच्या टोकाशी येणारा डावा आवाज तेवढा ते घेते आणि त्याचीच प्रत दोन्ही पट्ट्यांत भरते. मी मडगावच्या एका दुकानातून घेतलेल्या कार्डाच्या खोक्यावर स्टिरिओ असे ठळक छापले होते, पण ते फक्त ऐकण्यापुरते खरे निघाले. खात्री करणे सोपे आहे. तबकडी वाजत असताना प्रीअॅम्पच्या, म्हणजे तबकडीचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या डबीच्या, मागची लाल (उजवी) वायर काढ. मुद्रणात काहीच फरक पडला नाही, आणि पांढरी (डावी) काढताच सगळे मुके झाले, तर चोर सापडला. दोन्हींपैकी कोणतीही एक काढली तरी आवाज नुसता कमी होत असेल, तर मात्र मध्ये कुठेतरी दोन्ही वाहिन्या एकत्र करणारा मोनो अॅडॅप्टर बसला आहे, असे समज.

लॅपटॉपच्या हेडसेटच्या भोकात वायर घालून पाहण्याचा मोह टाळ. तिथे माइकची वाहिनी एकच असते, आणि कित्येकदा संगणक त्याला साधा हेडफोन समजून आपल्या अंगच्या माइकनेच खोलीतला आवाज टिपत राहतो. मी एकदा तबकडीऐवजी पत्र्यावरचा पाऊस उत्तम मुद्रित केला होता.

तुला लाइन-इन, म्हणजे मायक्रोफोनऐवजी अशा उपकरणांचा दोन वाहिन्यांचा आवाज घेणारी जोडणी असलेले, दोन आरसीए (लाल-पांढऱ्या वायरींच्या) भोकांचे कार्ड लागेल. ते जोडल्यावर विंडोजच्या रेकॉर्डिंग उपकरणाच्या प्रगत गुणधर्मांत २ चॅनेल, ४४१०० हर्ट्‌झ निवड आणि ऑडॅसिटीतही २ चॅनेल ठेव. विंडोजच्या सुलभता विभागातला मोनो ऑडिओ बंद आहे ना, हेही पाहून घे. तो चालू असेल तर अस्सल स्टिरिओ मुद्रणही ऐकताना मोनोच वाटते. नवे मुद्रण झाले की वर लिहिलेली उलटापालट पुन्हा कर. या वेळी काहीतरी मागे उरले पाहिजे.

वडिलांच्या मोनो तबकड्याही दोन वाहिन्यांतच उतरव आणि नंतर त्या एकत्र मिसळ. दोन भिंतींची वेगवेगळी खरखर त्यात बरीचशी दबते आणि आवाज स्वच्छ होतो. माझा संशय खरा असेल तर तुझ्या आजवरच्या फायलींत मात्र उजवी भिंत आलेलीच नाही, त्यामुळे झालेल्या बारा तबकड्या पुन्हा वाजवाव्या लागतील, हे सांगताना मला वाईट वाटते. चवथीला येशील तेव्हा ते कार्ड आणि मधली वायर सोबत घेऊन ये, आपण माझ्या टर्नटेबलवर ती पारखून पाहू.

कळावे, लोभ असावा.

तुझा स्नेही