आई-बाबा, मनगटाचं खरं कारण

प्रिय आई आणि बाबा,

परवा कॉलवर मनगटाला पट्टी दिसली तेव्हा ओट्यावर आपटलं असं जे सांगितलं ना, ते खोटं होतं. आई, आधी सगळं वाच आणि मग ओरड. मी एका चाकाची सायकल शिकतेय. हो तीच, सर्कशीतली. वयाच्या ४२ व्या वर्षी. हाड वगैरे काही मोडलेलं नाही, नुसतं मुरगळलंय, आणि आता मनगटाचे गार्ड घातल्याशिवाय चढत नाही, शपथ.

बाबा तुम्ही म्हणाल हे काय डोक्यात शिरलं. सर्कसवाले विष्णुपंत छत्रे आपल्या अंकलखोपचे, त्यांची सर्कस १८८० पासूनची, हे तुम्हीच लहानपणी दहा वेळा ऐकवलंय, तर समजा सांगलीचं पाणी आहे. पण खरं सांगायचं तर सर्कशीचा संबंध नाही, तुमच्या नातीचा आहे. इथे जपानात प्राथमिक शाळेत ही सायकल म्हणजे आपल्याकडे दोरीच्या उड्या तशी. १९८९ ला अभ्यासक्रम बदलला त्यात पीटीमधे आली म्हणतात, आता तिच्या शाळेच्या मैदानाच्या कडेला ओळीने लावलेल्या असतात, इचिरिनशा म्हणतात, मधल्या सुट्टीत जिला पाहिजे ती घेते आणि दोघी तिघी हातात हात धरून गोल गोल फिरतात. आमची ही लोखंडी बारला धरून धरून शिकली आणि एक दिवस बार सोडून सुटलीच. मी रोज पार्कात बाकावर बसून मोबाईल बघायचे, त्यापेक्षा म्हंटलं बघू तरी.

शिकणाऱ्याची २० इंची असते. फ्री-व्हील नाही, चेन नाही, पायडल सरळ चाकालाच, म्हणजे पाय थांबले की चाक थांबलं आणि पायडलची एक फेरी म्हणजे चाकाची एकच फेरी, दीड मीटरच्या जरा वर. त्यामुळे घाम भरपूर आणि अंतर काही नाही. ब्रेक नाही आणि हँडलपण नाही, आणि माझी सगळी भानगड तिथेच झाली कारण हँडल नसलं की हातांना काही कामच उरत नाही आणि रिकामे हात काय करतील सांगता येत नाही.

पडत झडत पंधरा वीस मीटर जायला लागले तेव्हा पोरीने व्हिडिओ काढला. आई गं. मला वाटत होतं मी अगदी ऐटीत चाललेय, आणि व्हिडिओत एक बाई कंबरेत वाकलेली, मान खाली, डावा हात पोटाशी चिकटलेला, आणि उजवा हात सरळ डोक्याच्या वर, बोटं वाकडी, सांगली-मिरज एसटीत उभं राहून वरचा दांडा धरल्यासारखा. जावईबापू म्हणाले "पुढच्या स्टॉपला उतरायचंय का?" तीन दिवस तेच चाललं होतं घरात.

मग मी हातामागे लागले. हात खाली, हात खाली असं स्वतःशी बडबडत चालवायचं, की दोन मीटरवर धप्प. अर्धी भरलेली पाण्याची बाटली उजव्या हातात धरून बघितली, जडपणाने खाली राहील म्हणून, तर बाटलीसकट हात वर! कंबरेवर हात ठेवून बघितलं तर तिकडे खांदा वर जायला लागला. मनगटाचं झालं ते याच दिवसांत. आठवडाभर हाच उद्योग करून मी ठरवलं की माझा हातच बावळट आहे.

पोरगी बाकावर संत्रं खात बसली होती, ती म्हणाली आई तू बसतच नाहीस, उभी राहतेस. मी म्हंटलं सीटवर तर आहे. ती म्हणाली नाहीस, नुसती टेकलीयेस.

आणि अगदी बरोबर होतं तिचं. या सायकलवर सगळा भार सीटवर टाकायचा असतो, पायांनी फक्त चाक फिरवायचं. मी भीतीने पायडलवर उभी होते, त्यात माझा उजवा पाय जोराचा, तो दाबला की सायकल तिकडे कलायची आणि ते सावरायला हात वर जायचा, दर फेरीला. म्हणजे हात बिचारा मला पडण्यापासून वाचवत होता आणि मी त्यालाच शिव्या देत होते. सीट तपासली तर तीही चार बोटं खाली होती, पायडल तळाला असताना त्यावर टाच ठेवली की पाय जवळजवळ सरळ व्हायला पाहिजे, माझा गुडघा चांगला वाकलेला. वर परत पडून पडून सीट क्लॅम्पमधे थोडी फिरली होती, चाक एकीकडे आणि माझी कंबर दुसरीकडे. पाना घेऊन सीट सरळ केली, वर केली, आवळली. आणि मग बसले. म्हणजे खरंच बसले, पोत्यासारखी, कंबर जरा पुढे घेऊन, पाठ सरळ, आणि नजर चाकावर नाही, लांबच्या झाडावर. आमराईजवळ भाड्याच्या सायकलवर कैची मारत होते तेव्हा कॅरियर धरून मागनं पळत तुम्ही हेच ओरडायचात ना बाबा, चाकाकडं काय बघतीस, फुडं बघ.

हात एका दिवसात खाली आला असं नाही, सवय ती सवयच. अजून डावीकडे वळताना हळूच वर येतो. पण आता एका हाताने सीटचा पुढचा दांडा धरून जाता येतं, हात बदलूनही. परवा पार्कच्या कडेने पूर्ण एक चक्कर झाली, न उतरता.

आता मुद्द्याचं. बाबा, गेल्या पावसाळ्यात तुम्ही अंगणात घसरलात तेव्हापासून चालताना तुमचा डावा हात सारखा भिंतीकडे जातो आणि नजर पायाकडे असते, आणि मी प्रत्येक कॉलवर "बाबा हात काढा, सरळ चाला" म्हणून तुम्हाला टोकते. सॉरी. खरंच सॉरी. मी बाटली हातात घेऊन जे करत होते तेच तुमच्याशी करत होते. तो हात असू दे. त्याऐवजी जरा खालचं बघू या. ती काठी आजोबांची आहे, आणि आजोबा तुमच्यापेक्षा चांगले वीतभर बुटके होते, तुम्ही तिच्यावर वाकूनच चालता. आई, एक काम कर, बाबांना रोजच्या चपला घालून सरळ उभं कर, हात सैल सोडायला सांग, आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत टेप लावून माप घे, काठीची मूठ तेवढ्यावर यायला पाहिजे. आणि काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची असते, बाबा दुखऱ्याच बाजूला धरतात असं मला व्हिडिओत वाटलं, पण कधीकधी व्हिडिओत उलटं दिसतं म्हणून फिजिओला एकदा विचारूनच घ्या, आणि त्यांच्यासमोर चालून दाखवा, नुसतं तोंडी सांगू नका. त्या गुळगुळीत झालेल्या स्लिपर पण टाकून द्या आता.

माप मला व्हॉट्सॲप कर, उंची कमीजास्त करता येणारी काठी इथून मागवून देते. आणि बाबांचा चालतानाचा व्हिडिओ काढ, समोरून नको, बाजूने आणि मागून, आणि त्यांना न सांगता काढ नाहीतर ऐटीत चालतील. बदल्यात माझा तो एसटीचा दांडा धरलेला व्हिडिओ पाठवते. शेजारच्या काकूंना दाखवू नकोस.

तुमची,
ताई

ता. क. पायडल लागून नडग्या काळ्यानिळ्या झाल्यात, तेवढं तेलाचं नाव सांग ना आई, तू लावायचीस ते.