नवरात्राआधीची सहल आणि दसऱ्याबद्दल सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

घटस्थापनेआधीच्या रविवारी मुलाबाळांसह मसाई पठारावर जायचं ठरलंय. पितृपक्ष असला तरी फिरायला त्याची आडकाठी नसावी! सकाळी ६.३० ला गेटवरून निघू, पन्हाळ्यात चहा-नाष्टा, मग वर. पाऊस सरता सरता पठारावर रानफुलं असतात. ती बघायची, तुडवायची नाहीत, तोडायची तर मुळीच नाहीत. जांभा खडक ओला असला की पाय सटकतो, तेव्हा मुलांना चपला नकोत, बूट घाला. वर सावली नाही. पाणी, टोपी आणि भडंग घरूनच आणा. कचराही परत आणायचा.

ललिता पंचमीला कोल्हापूरच्या अंबाबाईची पालखी टेंबलाई टेकडीवर त्र्यंबोली देवीच्या भेटीला जाते. तिथं विधीत कोहळा फोडतात; तो फुटला की तुकड्यासाठी जी झुंबड उडते, तिथं लहानग्यांना नेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत. अष्टमीच्या रात्रीची नगरप्रदक्षिणा जागरण झेपेल त्यांनीच बघावी.

दसऱ्याला मात्र सगळ्यांनी यायचंच. दसरा चौकात सूर्यास्ताच्या सुमारास शमीपूजन होतं आणि लगेच सोनं लुटायची एकच धांदल. चारपर्यंत पोचलो तर पोरांना पालख्या दिसतील, नाहीतर पुढच्यांच्या पाठी. गाड्या आणू नका, चालतच जाऊ. प्रत्येक मुलाच्या खिशात पालकांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

पठारासाठी नावं गुरुवारपर्यंत कळवा, मिनीबस ठरवायची आहे.