पिवळ्या पुस्तिकेतील उलटून गेलेली तारीख

चि. नेहास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला लसीकरणाच्या पिवळ्या पुस्तिकेतील पानाचा फोटो मिळाला. पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीसमोर लिहिलेली मुदत संपली आहे, तेव्हा ती लस पुन्हा घ्यावी लागेल का, आणि घ्यावी लागलीच तर बाकीच्या सगळ्या लशींचे बूस्टरही त्याच दिवशी उरकून टाकावेत का, असे तू विचारले आहेस. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर एका शब्दात देता येण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्याही पुस्तिकेत अगदी असेच पान आहे. गोल शिक्का, त्यावरून गेलेली डॉक्टरांची सही आणि कडेच्या रकान्यात बरोबर दहा वर्षांनंतरची तारीख. त्या वेळच्या नियमाप्रमाणे ती योग्यच होती. पुढे, पीतज्वराच्या लशीचा एकच डोस बहुतेकांना जन्मभर पुरतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१३ साली काढला. त्यानुसार आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीत दुरुस्ती झाली आणि ११ जुलै २०१६ पासून हे पान, म्हणजेच लस घेतल्याचे प्रमाणपत्र, आयुष्यभरासाठी वैध ठरले. त्याआधी दिलेल्या प्रमाणपत्रांनाही हा नियम लागू असल्यामुळे तुझी उलटून गेलेली तारीख आता निरर्थक आहे. फक्त ती स्वतःच्या हाताने खोडून त्यावर काही लिहू नकोस. खाडाखोड झाल्यास प्रमाणपत्र अवैध ठरू शकते, असे त्याच पानावर बारीक अक्षरात छापलेले असते. गरोदरपणात किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असताना ज्यांनी ही लस घेतली, त्यांना मात्र पुन्हा एक डोस सुचवला जातो. तुझ्या बाबतीत तो प्रश्न उद्भवत नाही. तुझ्याबरोबर येणाऱ्या मैत्रिणीने अजून ही लस घेतलेलीच नसेल, तर तिला एवढे सांग की प्रथमच लस घेणाऱ्याचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतरच ग्राह्य धरतात. निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग होणार नाही.

आता बाकीच्या लशींविषयी. पीतज्वराच्या लशीत जिवंत पण दुर्बळ केलेला विषाणू असतो, तो शरीरात थोडाफार वाढतो आणि म्हणूनच त्याची ओळख शरीर विसरत नाही. टायफॉइडची जी जुन्या प्रकारची इंजेक्शनची लस आहे, तिच्यात जिवाणूच्या बाहेरील आवरणातील शर्करा तेवढी असते. शरीर तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, परंतु टिकाऊ स्मृती ठेवत नाही. त्यामुळे काही देशांत दोन, तर काही देशांत तीन वर्षांनी ती पुन्हा घेण्यास सांगतात. तुझ्या पुस्तिकेत टायफॉइडची नोंद चार वर्षांपूर्वीची आहे. ती जुन्या प्रकारची असेल, तर मुदत खरोखर संपली आहे ती हिची, आणि गंमत म्हणजे तिच्यासमोर कोणतीच मुदत लिहिलेली नाही. प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी हा डोस घे.

हिपॅटायटिस ए या काविळीच्या लशीबाबत माझी जी फजिती झाली, ती तुझी होऊ नये. या लशीचे दोन डोस असतात. पहिला प्रवासापुरते संरक्षण देतो आणि सहा ते बारा महिन्यांनी घेतलेला दुसरा ते संरक्षण वीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ टिकवतो. मी पहिला डोस घेऊन प्रवास करून आले आणि दुसरा डोस विसरले तो थेट चार वर्षे. आता सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागणार, या संकोचाने आणखी काही महिने मी डॉक्टरांकडे जायचेही टाळले. शेवटी गेले, तेव्हा त्यांनी पुस्तिका पाहिली आणि राहिलेला डोस तेवढा दिला. मध्ये खंड पडला म्हणून घेतलेला डोस वाया जात नाही. जिथे थांबलो तिथून पुढे जायचे असते. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस तुझे लहानपणीच पूर्ण झाले आहेत आणि निरोगी माणसाला त्याचे बूस्टर सहसा लागत नाही.

धनुर्वाताच्या बूस्टरला दहा वर्षे झाली की तो पुन्हा घ्यायचा. खोल किंवा मातीने भरलेली जखम झाली आणि शेवटच्या डोसला पाच वर्षे उलटली असतील, तर दहा वर्षांची वाट न पाहता तेव्हाच घ्यावा.

रेबीजविषयी मात्र नीट लक्ष देऊन वाच. आधी लस घेतलेली असली म्हणजे कुत्रा चावल्यावर काही करावे लागत नाही, हा समज चुकीचा आहे. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि पुन्हा लस घ्यायचीच. त्या दिवशी एक डोस आणि तीन दिवसांनी दुसरा. आधी घेतलेल्या लशीचा लाभ असा की डोस कमी लागतात आणि जखमेत द्यावे लागणारे इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन), जे दूरच्या ठिकाणी वेळेवर मिळेलच असे नाही, ते लागत नाही.

तेव्हा सगळे एकाच दिवशी उरकण्याचा आग्रह धरू नकोस. निघण्यापूर्वी सहा आठवडे तरी हाताशी ठेवून डॉक्टरांकडे जा, पुस्तिका त्यांच्यासमोर ठेव आणि टायफॉइडची लस कोणत्या प्रकारची दिली, हे तिच्या नावासह नोंदवून घे. धनुर्वाताची नोंद मला फोटोत दिसली नाही; ते पान पाठव.

तुझी,
आई