देणगी मागण्याआधी पावती लिहायला शिका

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

समाजकार्याची पदवी घेऊन किंवा बँक-विमा कंपन्यांतली विक्रीची नोकरी सोडून बरेच तरुण आता सामाजिक संस्थांत निधी संकलनाच्या कामाला लागत आहेत. संस्था त्यांच्या हातात पहिल्याच दिवशी नावांची यादी देतात आणि फोनवर बसवतात. हे चुकीचे आहे. पहिला महिना त्यांना एकही देणगी मागायला लावू नये, हिशेबनिसाशेजारी बसवावे. संस्थेने बसवले नाही तर स्वतःहून बसा, असे या मुलामुलींना माझे कळकळीचे सांगणे आहे.

देणगीदार दुसऱ्या वर्षी का फिरकला नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा पहिल्या वर्षीच्या पावतीत सापडते. पावतीवर संस्थेचे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले नाव हवे, फलकावरचे सुटसुटीत नाव नव्हे. नोंदणी क्रमांक, संस्थेचा पॅन, ८०-जी (देणगीदाराला आयकरात वजावट देणारे कलम) मान्यतेचा क्रमांक, देणगीदाराचे नाव पॅनकार्डावर आहे तसे, पूर्ण पत्ता, रक्कम अंकी व अक्षरी, ती कशी मिळाली आणि कोणत्या कामासाठी मिळाली, हे सगळे लागते. पॅन त्याच दिवशी घ्यावा. आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत सर्व देणग्यांचे विवरणपत्र (१०-बीडी) आयकर खात्याकडे भरावे लागते आणि त्यावरूनच देणगीदाराला वजावटीसाठी लागणारे १०-बीई प्रमाणपत्र निघते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तीनशे लोकांना फोन करून पॅन मागत बसण्याची पाळी अनेक कार्यालयांवर येते, आणि पॅनचे एक अक्षर चुकले तरी त्या माणसाची वजावट अडते. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. मी इथे सगळ्यांच्या तोंडी असलेली जुनीच नावे वापरली आहेत.

क्यूआर कोडमुळे एक नवी अडचण झाली आहे. कार्यक्रमात लोक कोड स्कॅन करून पैसे पाठवतात, पण बँकेच्या उताऱ्यात फक्त यूपीआय आयडी आणि रक्कम दिसते. नाव-पत्त्याची नोंद नसलेली देणगी निनावी ठरते, आणि धर्मादाय संस्थेकडे अशा देणग्या मर्यादेपलीकडे गेल्या (१ लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांतले जे जास्त असेल ते) तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर बसतो. म्हणून कोडच्या शेजारी वही आणि माणूस हवाच. त्याच संध्याकाळी उतारा आणि वही ताडून पाहावी. आठवड्याने कोणालाच काही आठवत नाही. रोखीने २,००० रुपयांवर दिलेल्या देणगीला ८०-जीची वजावट नाही, वस्तुरूपाने दिलेल्या देणगीलाही नाही. हे पैसे किंवा वस्तू घेतानाच सांगावे, मागाहून नव्हे. कायम निधीसाठी (मुद्दल राखून ठेवायचा निधी) देणगी असेल तर देणगीदाराचे तसे लेखी पत्र घ्या. पत्र नसेल तर ती रक्कम चालू उत्पन्नात धरली जाते, आणि त्या उत्पन्नातला ८५ टक्के भाग खर्चून दाखवावा लागतो.

‘तुमचा कर वाचेल’ हे वाक्य आता पहिले नको. २०२३-२४ पासून वेगळे काही निवडले नाही तर नवी करप्रणालीच धरली जाते आणि तिच्यात ८०-जी नाही. जुन्या प्रणालीतही ‘५० टक्के सूट’ याचा अर्थ दहा हजारांतले पाच हजार परत मिळतात असा नाही. पाच हजार उत्पन्नातून वजा होतात आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे सुमारे दीड हजार वाचतात. चुकीचे सांगितलेत तर तो माणूस सीएकडून खरे ऐकेल आणि मग तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही त्याचा विश्वास उरणार नाही.

आता मागायचे किती, हा प्रश्न. समजा ४० मुलींचे वसतिगृह आहे. एका मुलीचा महिन्याचा शिधा, भाजी, दूध, गॅस मिळून २,००० रुपये. भाडे, वीज, पाणी १,०००. गृहमाता, स्वयंपाकी व पहारेकरी यांच्या पगाराचा वाटा १,५००. औषधे, वह्या, प्रवास ५००. एकूण ५,००० रुपये, म्हणजे वर्षाचे २४ लाख. आपल्याकडे पत्रकात छापतात फक्त जेवणाचे २,०००, कारण आकडा लहान दिसावा. मग सगळ्या चाळीस मुलींना तेवढा खर्च उचलणारे देणगीदार-पालक मिळाले तरी वर्षाला १४ लाख ४० हजारांची तूट राहते आणि ती गृहमातेच्या थकलेल्या पगारातून भरून निघते. याचा मला मनापासून राग आहे. पूर्ण खर्च सांगा. ज्याला पाच हजार झेपत नाहीत तो पाचशे देईल. पण पगार हा मुलींचाच खर्च आहे हे त्याला कळलेले असेल.

थोडे थोडे आणि नियमित देण्याची सवय आपल्या समाजाला नवी नाही. लोकांकडून एकेक पैसा गोळा करणाऱ्या पैसा फंडातून तळेगावचा काच कारखाना १९०८ साली उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडाने (घरोघरी मूठभर धान्य बाजूला ठेवण्याची योजना) वसतिगृहांच्या चुली पेटत्या ठेवल्या. आज तेच काम बँकेच्या मँडेटने (खात्यातून ठरलेला हप्ता नियमित वळता करण्याची लेखी परवानगी) होते. कागदी मँडेट परत आले तर ते सहसा सही न जुळल्याने. खात्यात शिल्लक नसल्याने हप्ता परत जातो. हप्त्याची तारीख ५ ते १० ठेवा, पगार जमा झालेला असतो. हप्ता चुकला तर दोन दिवसांत फोन करा, पण वसुलीचा सूर नको.

महाराष्ट्रात देणगीचे सर्वांत भरवशाचे निमित्त म्हणजे आईवडिलांची स्मृती. त्या नोंदीत तारीख, तिथी, नावाचे अचूक शब्दलेखन आणि देणाऱ्याशी नाते लिहून ठेवा. पतीच्या स्मरणार्थ देणगी देणाऱ्या बाईंना ‘सौ.’ लिहून आभारपत्र गेले तर पुढे काहीही केले तरी ते भरून येत नाही. आभाराचा फोन ४८ तासांत, पावती आठवड्यात, कामाचा अहवाल सहा महिन्यांत. आणि त्या अहवालासोबत नवे मागणे जोडू नका.

कंपन्यांच्या सीएसआर निधीमागे (सामाजिक जबाबदारी म्हणून कंपन्या खर्च करतात तो पैसा) सगळे धावतात, पण संस्थेला किमान तीन वर्षांच्या कामाचा पुरावा, १२-ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत देणारी नोंदणी), ८०-जी आणि सीएसआर-१ (हा निधी घेण्यासाठी कंपनी खात्याकडची नोंदणी) नसेल तर प्रस्ताव लिहिण्यात वेळ घालवू नये. कंपनी ‘प्रशासकीय खर्च’ कापते, म्हणून शिक्षिकेचा किंवा आरोग्यसेविकेचा पगार अंदाजपत्रकात कार्यक्रमाच्या खर्चात दाखवावा. तो तिथलाच आहे.

परदेशातल्या मराठी माणसांकडून देणगी घेताना पहिला प्रश्न पासपोर्टचा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय देणगी नव्हेत. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्याने, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे) असले आणि रुपयांत दिले तरी, ती परकीय देणगीच. एफसीआरए (परकीय देणगी कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतले खाते नसताना ती घेणे गुन्हा आहे. संकेतस्थळाच्या अर्जात नागरिकत्वाचा रकाना ठेवा आणि पासपोर्टची प्रत फाइलला लावा.

बालगृहातल्या मुलांचे चेहरे, नावे पत्रकात छापू नयेत. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी छापू नयेत. हातांचे, वहीचे, चुलीवरच्या पातेल्याचे छायाचित्र पुरते.

शेवटी नोकरीबद्दल. ‘जमवाल त्याचे दहा टक्के’ अशी बोली कोणी केली तर नाही म्हणा. निधी संकलकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची आचारसंहिताही टक्केवारी निषिद्ध मानते, कारण टक्केवारीवरचा माणूस आज मिळेल ते ओरबाडतो आणि पाच वर्षांनी मृत्युपत्रात संस्थेचे नाव घालू शकणारा माणूस गमावतो. मुलाखतीत तुम्हीही विचारा: मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल दाखवाल का, १०-बीडी वेळेत भरले का, विश्वस्त बदलल्यावर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दिला का, आणि विश्वस्तांपैकी किती जण स्वतः देणगी देतात. कागद दाखवायला टाळाटाळ झाली तर ती नोकरी घेऊ नका.

– निधी संकलन क्षेत्रातील एक कार्यकर्ती, पुणे