‘पॉइंट बत्तीस’ म्हणजे नेमके कोणते काडतूस?

मा. संपादक,

पदक आले की ‘पिस्तूल प्रकारात यश’ एवढेच छापून येते. त्यामुळे मुलाला नेमबाजीला घालणारे पालक ‘कोणत्या बोरचे घ्यायचे?’ असे दुकानदाराला विचारतात आणि तिथेच चूक होते. बोर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ठरवायचा तो स्पर्धेच्या प्रकारावरून.

सुरुवात १० मीटर एअर पिस्तुलाचीच हवी. ४.५ मि.मी.चा, म्हणजे .१७७चा छर्रा, ट्रिगरचा भार किमान ५०० ग्रॅम, धक्का जवळपास नाही. दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मि.मी.चे असल्याने बोटाची चूक लपत नाही. .१७७ बोर आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर शस्त्रपरवानाही लागत नाही.

पुढची पायरी २५ मीटरची, .२२ लाँग रायफल काडतुसाची. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले ते याच प्रकारात. इथे ट्रिगर १००० ग्रॅमचा. प्रिसिजनला, म्हणजे संथ, अचूक नेमाच्या फेरीला, दहाचे वर्तुळ ५० मि.मी.चे असते, त्यामुळे रायफलवाल्यांची महागडी काडतुसे घेण्यात अर्थ नाही. रॅपिडमध्ये, म्हणजे जलद फेरीत, लक्ष्य ३ सेकंद दिसते; तिथे पिस्तूल न अडकणे जास्त मोलाचे. फार मंद काडतुसाने स्लाइड पुरती मागे जात नाही आणि रिकामे काडतूस अडकते. हाय व्हेलॉसिटीने मॅच पिस्तुलाचे भाग झिजतात. म्हणून स्टँडर्ड व्हेलॉसिटीच घ्यावी आणि लॉट, म्हणजे काडतुसांची खेप, बदलला की आधी ५० गोळ्या सरावात झाडून पाहाव्यात. .२२ हे रिमफायर, म्हणजे पिन कडेवर आदळणारे काडतूस; त्यात स्फोटक मसाला कडेच्या घडीत असतो. तो एखाद्या जागी पोहोचला नसेल आणि पिन नेमकी तिथेच बसली, तर काडतूस उडत नाही. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबावे, मगच काडतूस काढावे.

सर्वांत मोठा घोळ .३२चा. आपल्याकडे ‘पॉइंट बत्तीस’ म्हटले की दोन वेगळी काडतुसे एका नावाखाली येतात. रिव्हॉल्व्हरचे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, त्याचे कवच सुमारे २३ मि.मी. लांब, आणि पिस्तुलाचे .३२ एसीपी, कवच १७ मि.मी.चे, पण आतला दाब जास्त. एसीपी काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात बसू शकते, म्हणून ते चालते असे नव्हे. सेंटर फायर, म्हणजे पिन काडतुसाच्या मध्यावर आदळते त्या मोठ्या बोरच्या स्पर्धेत, .३२च्या पिस्तुलांना लाँग लागते, तेही वॅडकटर. त्याची सपाट गोळी कवचाच्या तोंडाशी समतल बसलेली असते. गोल टोकाची गोळी घातलेले लाँग त्या मॅगझीनमध्ये मावतच नाही. खोके उघडण्याआधी त्यावरचे पूर्ण नाव वाचावे.

‘मोठ्या गोळीचे भोक मोठे, म्हणून .३८ घ्या’ हा सल्लाही चुकीचा. सेंटर फायरमध्ये ७.६२ ते ९.६५ मि.मी.पर्यंत कोणताही बोर चालतो, पण भोक मोजण्याचे गेज सर्वांना ९.६५चेच. .३२वाल्याचा एकही गुण त्यात जात नाही. उलट .३८च्या १४८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळीचा धक्का .३२च्या ९८ ग्रेनपेक्षा बराच जास्त, आणि रॅपिडच्या फेरीत मनगट लवकर थकते. नेमबाज जसपाल राणा यांच्या १९९४च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेतील सेंटर फायर सुवर्णपदकाची आठवण काढून थेट सेंटर फायर मागणाऱ्या मुलांना एवढेच सांगावे : .२२वर रॅपिडच्या पाचही गोळ्या सातत्याने काळ्या भागात जाईपर्यंत .३२ हातात घेऊ नका. धक्क्याच्या भीतीने ट्रिगर हिसकण्याची सवय एकदा लागली की ती मोडायला पुन्हा एअर पिस्तुलावरच यावे लागते.

– एक नेमबाजी प्रशिक्षक, कोल्हापूर