नसबंदीने ‘ताकद’ जात नाही

महोदय,

राजवाड्यापाशी पोहे-जिलबी खाताना पुरुष नसबंदीचा विषय निघाला, की शिकलेसवरलेही ‘ताकद जाते’ म्हणतात. जाईल कशी? शुक्राणू वाहून नेणाऱ्या दोन नळ्या तेवढ्या कापून बांधतात; बिनटाक्याच्या पद्धतीत तर बारीकशा छिद्रातून. पुरुषी संप्रेरक थेट रक्तात मिसळतं, त्याला या नळ्या लागतच नाहीत. वीर्य बहुतांश वीर्यकोश आणि प्रोस्टेटमधून येतं, त्यामुळे फरक जाणवत नाही. शुक्राणू बनतात, अंगातच जिरतात. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित जोडप्यांपैकी स्त्रीची नसबंदी झालेली ३७.९ टक्के, पुरुषाची झालेली ०.३ टक्के! पोटावरचं ऑपरेशन बायकोनंच सोसायचं. एक मात्र खरं: नळी कापली तरी तिच्या पुढच्या भागात आधीचे शुक्राणू उरलेले असतात, म्हणून तीन महिने दुसरं साधन वापरून वीर्यतपासणी करून घ्यावीच.

— एक वाचक, इंदूर